सगळेच साथीला बसलेत : फ्री जॅझच्या रेकॉर्ड्सवर तुमची पत्रं

गेल्या अंकात मी फ्री जॅझच्या, म्हणजे चाल-ताल बहुतेक आधी न ठरवता वाजवलेल्या जॅझच्या, तीन रेकॉर्ड्स ऐका म्हणून सांगितलं होतं. ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ', पीटर ब्रॉट्झमनची 'मशीन गन' आणि लंडनच्या स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बलची 'कार्योबिन'. त्यावर भरपूर पत्रं आली, निम्मी रागावलेली. मला ती रागावलेलीच जास्त आवडली, कारण त्या लोकांनी खरंच वेळ काढून ऐकलंय आणि काय खटकलं ते नेमकं लिहिलंय. जागा पुरेल तेवढी घेतोय.

मी पंचवीस वर्षं शास्त्रीय गाणं ऐकतोय, थोडं शिकलोही आहे. तुम्ही सांगितलेली 'मशीन गन' लावली आणि चार मिनिटांत बंद केली. आपल्याकडे आलापाला राग असतो, तालाला सम असते, एखादा चुकला तर चुकला हे कळतं. इथे कोण चुकलं हे कसं कळणार? आणि चूकच कळत नसेल तर त्याला संगीत का म्हणायचं? (एक वाचक, सांगली)

तुमचा प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे, त्यामुळे याला सगळ्यात जास्त जागा देतो.

आधी एक कबूल करतो, 'मशीन गन' पहिली लावायला नको होती आणि तसं मी स्पष्ट लिहायला हवं होतं. ती रेकॉर्ड मे १९६८ मध्ये जर्मनीत ब्रेमेनला झाली, तीन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रमर आणि एक पियानो अशी आठ माणसं, ब्रॉट्झमन तेव्हा २७ वर्षांचा. कुठली कंपनी काढणार नव्हती म्हणून त्याने स्वतःच ३०० प्रती काढल्या, कव्हरही स्वतः केलं कारण तो मुळात चित्रकलेतला माणूस. 'मशीन गन' हे ट्रम्पेटवाल्या डॉन चेरीने त्याला ठेवलेलं टोपणनाव. युद्ध हरलेल्या आणि त्या युद्धाबद्दल घरात कुणी तोंड न उघडणाऱ्या देशात वाढलेल्या पोरांचा तो आवाज आहे, तो गोड असणं शक्यच नव्हतं. पण हे सगळं माहीत असूनही पहिल्या दिवशी ते अंगावर येतंच, माझ्याही आलं होतं.

तुम्ही असं करा, 'फ्री जॅझ' लावा. २१ डिसेंबर १९६० ला न्यूयॉर्कला झालेली, सदतीस मिनिटांचा एकच सलग तुकडा. यात दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतायत आणि स्टिरिओत त्या वेगळ्या ठेवल्यात, डाव्या स्पीकरला सॅक्सवर ऑर्नेट, ट्रम्पेटवर डॉन चेरी, बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवर बिली हिगिन्स, उजव्या स्पीकरला बास क्लॅरिनेटवर एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बासवर चार्ली हेडन आणि ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. आता अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवा आणि दहा मिनिटं फक्त डावी चौकडी ऐका. मग सुई परत सुरुवातीला ठेवून फक्त उजवी. मग दोन्ही. तिसऱ्या वेळी जो गोंगाट वाटत होता त्यात तुम्हाला माणसं दिसायला लागतात. कुणीतरी एक सोलो घेतोय आणि बाकीचे त्याच्या मागून छोटे छोटे तुकडे फेकतायत, काही तो उचलतोय, काही सोडून देतोय. मधे मधे सगळे मिळून एक लिहिलेली ओळ वाजवतात आणि पुढचा माणूस सुरू होतो. आपल्याकडे गायक तान घेऊन परत मुखड्यावर येतो ना, तसाच विसावा आहे तो, फक्त मुखडा वेगळ्या जातीचा आहे.

आता चूक कशी कळते ते. याचं सगळ्यात सरळ उत्तर मला 'कार्योबिन'मध्ये मिळालं. लंडनला सेंट मार्टिन्स लेनच्या एका बोळात लिटल थिएटर क्लब नावाची छोटीशी जागा होती, नाटक संपलं की रात्री तिथे १९६६ पासून ड्रमर जॉन स्टीव्हन्स आणि त्याची मंडळी वाजवायची. कधी कधी ऐकणाऱ्यांपेक्षा वाजवणारे जास्त. तिथे स्टीव्हन्सचा एक साधा नियम होता, दुसऱ्याचं वाजवणं तुला ऐकू येत नसेल तर तू फार मोठ्याने वाजवतोयस, आणि जे ऐकतोयस त्याच्याशी तुझ्या वाजवण्याचा काही संबंध नसेल तर तू इथे आलायस कशाला. बस, एवढंच. राग नाही, ताल नाही, सम नाही, पण हा नियम आहे आणि तो फार कडक आहे. 'कार्योबिन' फेब्रुवारी १९६८ ची, स्टीव्हन्ससोबत ट्रम्पेटवर केनी व्हीलर, सॅक्सवर एव्हन पार्कर, गिटारवर डेरेक बेली, बासवर डेव्ह हॉलंड. एक माणूस एक सूर टाकतो, तो संपायच्या आत दुसऱ्याने त्याला काहीतरी जोडलेलं असतं, तिसरा गप्प बसतो कारण आत्ता गप्प बसणंच योग्य आहे हे त्याला कळलेलं असतं. चूक म्हणजे न ऐकणं. आणि ती कळते हो, महिनाभर ऐकलंत की नक्की कळते. एखाद्या मैफलीत तबलजी आपल्याच नादात लग्ग्या लावत सुटतो आणि गायक बिचारा थांबून राहतो, तेव्हा बोल शुद्ध असूनही तुम्हाला चुकल्यासारखं वाटतं की नाही? तीच चूक.

मी स्वतःला हे असं समजावलं की आपल्याकडे साथ हा शब्द आहे. साथीचा माणूस मागे बसतो, कान पुढे. या संगीतात सगळेच साथीला बसलेत आणि मधली मुख्य गायकाची जागा रिकामी ठेवलीय. हे डोक्यात धरून 'कार्योबिन' परत ऐका. जाता जाता, 'कार्योबिन' हा जपानी शब्द, स्वर्गातले काल्पनिक पक्षी असा अर्थ कव्हरवरच दिलाय, आणि तो शब्द मुळात बौद्ध ग्रंथांतल्या आपल्या संस्कृत 'कलविंक'वरून गेलेला आहे. हे कळलं तेव्हा मला उगाचच खूप आनंद झाला होता.

आणखी एक. त्या रेकॉर्डवरचा गिटारवाला डेरेक बेली, शेफील्डचा, जन्म १९३०, आधी अनेक वर्षं डान्स हॉल, थिएटर, स्टुडिओ अशा ठिकाणी पोटासाठी वाजवलेलं, म्हणजे सूर-ताल येत नाही म्हणून हे करतोय असं अजिबात नव्हतं. १९८० साली त्याचं इम्प्रोव्हायझेशनवरचं, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्यावरचं पुस्तक आलं आणि त्यात सुरुवातीलाच तो भारतीय संगीताकडे वळतो, मग फ्लॅमेंको, मग चर्चमधले ऑर्गनवाले. त्याचं म्हणणं असं की बहुतेक इम्प्रोव्हायझेशन कुठल्या तरी एका भाषेत होतं, रागाच्या, ब्लूजच्या, फ्लॅमेंकोच्या, आणि दुसरं एक असतं ज्यात आधीपासून ठरलेली भाषा नसते, ती तिथल्या तिथे करावी लागते. मला विचाराल तर पंचवीस वर्षं रागसंगीत ऐकलेला कान या दुसऱ्या प्रकाराला जास्त तयार असतो. बढत म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, एकेक सूर वाट बघून लावणं तुम्ही ऐकलेलं आहे. फक्त रागाचं नाव विचारायचं थोडे दिवस थांबवा.

एवढं सगळं ऑनलाइन ऐकायला मिळतं, मग रेकॉर्ड घ्यायचीच कशाला? (डोंबिवली)

ऐकण्यापुरतं नकाच घेऊ. मीही आधी फोनवरच ऐकतो. पण एक बाजू म्हणजे साधारण वीस मिनिटं, उठून उलटायला लागते, मधे फोन बघता येत नाही, आणि या संगीताला तेवढी बैठक लागते. मला त्याशिवाय जमत नाही, तुम्हाला जमत असेल तर पैसे वाचवा.

अमेरिकेतल्या भाच्याने न्यू जर्सीतल्या एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानातून कोल्ट्रेनची 'असेन्शन' आणून दिली. एकजण म्हणतो ही पहिली, दुर्मिळ आवृत्ती असू शकते, दुसरा म्हणतो कव्हर सारखंच असतं त्यामुळे सांगता येत नाही. खरं काय? (पुणे)

दोघंही बरोबर आहेत, आणि ही माझी फार आवडती गोष्ट आहे त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

'असेन्शन' २८ जून १९६५ ला झाली, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, एंगलवूड क्लिफ्सला, म्हणजे न्यू जर्सीतच, तुमची रेकॉर्ड फार लांब गेलेली नव्हती म्हणायची. सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनसकट अकरा जण. त्या दिवशी तो अख्खा तुकडा दोनदा वाजवला गेला, दोन्ही वेळा चाळीस मिनिटांच्या आसपास. १९६६ च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा त्यातला एक टेक, म्हणजे एका वेळचं वाजवणं, तिच्यावर होता. नंतर कोल्ट्रेनने सांगितलं की मला दुसरा हवा होता, मग कंपनीने त्याच कव्हरमध्ये, त्याच नंबरवर दुसरा टेक छापायला सुरुवात केली. म्हणजे बाहेरून सगळं तेच आणि आत संगीत वेगळं! ज्यांनी आधी घेतली त्यांच्याकडे एडिशन वन, नंतर घेतली त्यांच्याकडे एडिशन टू.

ओळखायचं कसं? रेकॉर्डची पहिली बाजू घ्या, खिडकीपाशी जा, गाणं संपून लेबल सुरू होईपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते ती उजेडात तिरकी धरा. तिथे मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. दुसऱ्या आवृत्तीवर तिथेच 'एडिशन टू' असं इंग्रजीत कोरलेलं आहे. ते नसेल तर पहिली असायची शक्यता चांगली, पण तेवढ्यावर थांबू नका, कानाने खात्री करा. एडिशन वनमध्ये फ्रेडी हबर्डच्या ट्रम्पेटनंतर मॅरियन ब्राउनचा अल्टो सॅक्स येतो, एडिशन टूमध्ये त्या जागी आर्ची शेपचा टेनर, म्हणजे जाड, खरखरीत आवाजाचा. आणि सगळ्यात सोपी खूण शेवटाकडे आहे, दोन बासवाल्यांच्या जुगलबंदीनंतर एल्विन जोन्सचा ड्रम सोलो आला तर ती एडिशन वन, दुसरीत तो नाहीये.

सीडीवर दोन्ही टेक एकामागोमाग मिळतात आणि मी तर म्हणेन तुमच्याकडे कुठलीही निघाली तरी दुसरी सीडीवर ऐकाच. एकाच दिवशी, तीच अकरा माणसं, तोच आराखडा, आणि तरी दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात. कोल्ट्रेनला दुसरी का आवडली असेल यावर मी बऱ्याच रात्री घालवल्यात, मला स्वतःला त्या ड्रम सोलोमुळे पहिलीच जवळची वाटते. दुर्मिळ कुठली हा प्रश्न त्यानंतर मला तरी कधी महत्त्वाचा वाटला नाही. विकायची असेल तर मात्र पट्टीचा स्पष्ट फोटो काढून ठेवा, घेणारा आधी तेच मागणार.

काका, मी एकोणीस वर्षांची आहे, कोल्हापूरला कॉलेजला आहे. महिन्याला फार तर हजार रुपये यात घालता येतील. टर्नटेबल नाहीये. सुरुवात कुठून करू? यादी द्याल का? (कोल्हापूर)

यादी देत नाही, पण तुला एक वाट सांगतो. माणसांच्या मागे जा. लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, मागे नाही, 'शंभर सर्वोत्तम' वगैरेच्या मागे तर अजिबात नाही. तुला एखाद्या रेकॉर्डवर एक माणूस आवडला ना, की तो आणखी कुणाकुणाबरोबर बसलाय ते बघायचं. वर मी 'कार्योबिन'मधला डेव्ह हॉलंड सांगितला ना, तो तेव्हा २१ वर्षांचा होता, त्याच वर्षी लंडनला अमेरिकन ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने त्याला ऐकलं आणि सरळ न्यूयॉर्कला नेलं. म्हणजे तू माइल्सच्या त्या काळातल्या रेकॉर्ड्सपाशी पोचलीस. तिकडून वेन शॉर्टर, चिक कोरिया, जॅक डीजॉनेट. दुसरी वाट एव्हन पार्करची, तो 'कार्योबिन'मध्ये आहे, तीन महिन्यांनी 'मशीन गन'मध्येही आहे, आणि १९७० मध्ये तो, बेली आणि ड्रमर टोनी ऑक्सली यांनी मिळून इन्कस नावाचं स्वतःचं लेबल काढलं, कारण त्यांना रेकॉर्डचे निर्णय स्वतः घ्यायचे होते. इन्कसची पहिली रेकॉर्ड पार्कर, बेली आणि डच ड्रमर हान बेनिंक यांची, आणि बेनिंक तर 'मशीन गन'मध्ये होताच. असं करत तुझा नकाशा तूच काढशील आणि तो कुठल्याही यादीपेक्षा तुझ्या जास्त उपयोगी पडेल.

टर्नटेबलची घाई करू नकोस. या बजेटमध्ये जुन्या सीडी घे, लोक त्या कवडीमोलाने काढून टाकतायत, एखादा चांगला सीडी प्लेअरही जुन्या बाजारात मिळून जातो. आणि या संगीताला सीडी एका बाबतीत एलपीपेक्षा बरीच पडते, 'फ्री जॅझ' किंवा 'असेन्शन'सारखा तुकडा एलपीवर मधेच तोडून बाजू उलटावी लागते, सीडीवर तो सलग ऐकता येतो. सीडीबरोबरची पुस्तिका वाचत जा. स्वस्तातलं सुटकेससारखं टर्नटेबल मात्र घेऊ नकोस, त्यातल्या बऱ्याच मशीनची सुई रेकॉर्डवर गरजेपेक्षा खूप जड बसते आणि रेकॉर्ड खराब होते. चांगल्या काट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या भागाला, साधारण दीड ते अडीच ग्रॅम वजन लागतं आणि ते सेट करता आलं पाहिजे. पैसे साठव, दोन वर्षांनी घे.

आणि एक, सोलो रेकॉर्ड एखादी तरी लवकर ऐक. अँथनी ब्रॅक्स्टनची 'फॉर अल्टो', १९६९ मध्ये शिकागोला केलेली, दोन एलपी भरून एकट्या सॅक्सोफोनशिवाय दुसरं काहीही नाही. तुझ्याएवढं असताना मी ती ऐकली असती तर माझी बरीच वर्षं वाचली असती.

दर पावसाळ्यात रेकॉर्ड्सना पांढरी बुरशी येते. स्पिरिटने पुसलं तर चालेल का? आणि सेकंडहँड घेताना विकणारे 'व्हीजी प्लस' वगैरे लिहितात ते कितपत मनावर घ्यायचं? (रत्नागिरी)

स्पिरिटबद्दल आधी सांगतो कारण यात माझ्या हातून एक मोठं नुकसान झालंय. आत्याच्या घरातून आलेल्या जुन्या ७८ च्या तबकड्या मी उत्साहाने स्पिरिटने पुसल्या. त्या लाखेच्या होत्या, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, बोळा काळा झाला तेव्हा मला वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, ते गाणं होतं. दोन तबकड्या कायमच्या गेल्या. त्यामुळे ७८ ची जुनी, जड, पडली की फुटणारी तबकडी असेल तर अल्कोहोल जवळही आणू नका.

व्हिनाइलच्या एलपीला डिस्टिल्ड पाण्यात अगदी दोन थेंब भांड्यांचा लिक्विड साबण पुरतो, लेबल भिजू द्यायचं नाही, मऊ कापड रेघांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधी नाही, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत पुसून पंख्याखाली उभी वाळवायची, उन्हात अजिबात नाही. बुरशीची खरी घरं असतात ती आतली कागदी पाकिटं. रेकॉर्ड धुतली आणि परत त्याच पाकिटात घातली की पुढच्या आषाढात बुरशी हजर. पाकीट फेका, नवं घाला. बाहेरून ते जाड पीव्हीसीचं कव्हर असेल तर तेही काढा, ते उकाड्यात चिकटतं आणि त्याची वाफ धरल्यासारखे डाग रेकॉर्डवर बसतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, विशेषतः ज्या भिंतीला पावसाची झड लागते तिच्यापासून, आणि रेकॉर्ड्स उभ्याच ठेवा.

ग्रेडचं म्हणाल तर व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड', व्हीजी प्लस त्याच्या वरची, आणि ती विकणाऱ्याच्या नजरेवर असते, आणि माझं स्वतःचं गणित संगीत बघून ठरतं. 'मशीन गन' नुसती व्हीजी असली तरी घ्या, त्या आठ जणांच्या आवाजात तुमच्या चरचरीला कोण विचारतो. पण 'कार्योबिन', किंवा एएमएम हा लंडनचा ग्रुप, ज्यात कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवायचा आणि मिनिटभर जवळजवळ काहीच होत नाही असे भाग असतात, तिथे एक एक टिकटिक ऐकू येते आणि शांतता हाच तर अर्धा माल आहे. ते घेताना व्हीजी प्लसच्या खाली जाऊ नका, किंवा सरळ सीडी घ्या.

या सगळ्यात आपल्याकडची माणसं कुठे होती का? की आपण नुसते ऐकणारेच? (मडगाव)

होती, आणि मडगावहून हा प्रश्न यावा याचं बरं वाटलं. मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि सिनेमाची ऑर्केस्ट्रा गोव्याच्या वादकांनी कशी उभी केली ते तुम्हाला माहीत असणारच, ते परत सांगत नाही. मी तुम्हाला लंडनकडे नेतो.

जो हॅरियट हा जमैकाहून इंग्लंडला आलेला अल्टो सॅक्सवाला. ऑर्नेट न्यूयॉर्कला 'फ्री जॅझ' करत होता त्याच १९६० साली हॅरियटने लंडनला 'फ्री फॉर्म' नावाची रेकॉर्ड केली, स्वतःच्या डोक्याने, वेगळ्या वाटेने. त्याचं श्रेय त्याला हयातीत पुरेसं मिळालं नाही असं माझं ठाम मत आहे, १९७३ मध्ये ४४ व्या वर्षी तो गेला. याच हॅरियटने कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयरबरोबर 'इंडो-जॅझ स्वीट' केली, पाच जॅझवाले आणि पाच भारतीय संगीतवाले अशी रचना, आणि त्यात तबल्यावर होते केशव साठे. पुढे १९६७ मध्ये जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' झाली, सतारीवर दिवाण मोतीहार, तबल्यावर परत साठे, आणि पियानोवर इरेन श्वाइट्झर, जी नंतर युरोपातल्या फ्री इम्प्रोव्हायझेशनमधली फार मोठी पियानोवादक झाली, २०२४ मध्ये गेली. या पियानोसमोर आपला मराठी तबलजी बसलेला आहे आणि तो घाबरलेला नाही, हे ऐकायला मला अजूनही भरून येतं.

आणि तुमचा माणूस, अमान्सिओ डिसिल्व्हा. गोव्याच्या कुटुंबातला, जन्म मुंबईचा, १९३६, गिटारिस्ट. साठच्या दशकात लंडनला गेला आणि १९६९ मध्ये दोन रेकॉर्ड्स, 'इंटिग्रेशन', आणि हॅरियटबरोबर 'हम दोनो', हो, नाव हेच. 'हम दोनो'च्या मूळ प्रती फार दुर्मिळ आहेत. त्या मूळ प्रतीच्या मागे लागू नका, जे काही रीइश्यू, म्हणजे नंतर पुन्हा काढलेली प्रत, मिळेल ते घ्या आणि ऐका, नॉर्मा विन्स्टनचा शब्दांशिवायचा आवाज आणि खाली त्याची गिटार. ही दोन्ही पूर्ण फ्री नाहीत, ठरलेल्या चाली आहेत, पण 'हम दोनो'मध्ये हॅरियट आणि डिसिल्व्हा एकमेकांना जागा कशी देतात ते बघा.

मुंबईतही १९७८ पासून रंगभवनात जॅझ यात्रा भरायची, पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्याला मुंबई नवीन नव्हती, त्याआधी दहाएक वर्षांपूर्वी तो पवईच्या एका आश्रमात काही महिने राहिला होता. त्या यात्रांना गेलेल्या लोकांनी आठवणी लिहून पाठवल्या तर मी पुढच्या अंकांत आनंदाने छापेन.

वडील मागच्या वर्षी गेले. माळ्यावर तीन ट्रंका एलपी आहेत, बहुतेक जॅझ. आम्हा भावंडांना यातलं काही कळत नाही. एक दुकानदार सगळा लॉट नगावर घ्यायला तयार आहे. आईला घर मोकळं हवंय. काही नावं पाठवतोय, एरिक डॉल्फी, अल्बर्ट आयलर, सेसिल टेलर, 'ब्लू नोट' लिहिलेल्या दहा-बारा. देऊन टाकू का? (ठाणे)

आत्ता देऊ नका. विकू नका असं म्हणत नाहीये, घर लहान असतं, आईंचं म्हणणं मला समजतं. फक्त लॉटने देऊ नका आणि या महिन्यात देऊ नका.

तुमच्या वडिलांना काय आवडायचं हे तुम्ही पाठवलेल्या नावांवरूनच दिसतंय. ज्या काळात ही रेकॉर्ड इथे मिळवायची म्हणजे कुणी बोटीवरचा, कुणी परदेशी गेलेला, कुणी चोर बाजारातला ओळखीचा असं शोधावं लागायचं त्या काळात त्यांनी सेसिल टेलर गोळा केलाय. ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या रेकॉर्ड्स आधी वेगळ्या काढा. लेबलवर कंपनीचा पत्ता छापलाय का बघा, आणि मघाशी वर सांगितली त्या गुळगुळीत पट्टीवर व्हॅन गेल्डरचं नाव किंवा त्याची आद्याक्षरं कोरलीत का, आणि कानाच्या आकाराची एक छोटी खूण आहे का. ती त्या वेळच्या कारखान्याची खूण, साधारण १९६६ पर्यंतच्या प्रतींवर असते आणि ती असली तर नगावर द्यायचा प्रश्नच येत नाही. सॅक्सवाल्या आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी' असेल तर तीही वेगळी, १० जुलै १९६४ ला न्यूयॉर्कला तीन माणसांनी केलेली, जेमतेम अर्ध्या तासाची, आणि माझ्या मते या संपूर्ण संगीतातली सगळ्यात निर्मळ रेकॉर्ड.

एका वहीत यादी करा, एका ओळीत एक, नाव, कंपनी, लेबलवरचा नंबर, पट्टीवर कोरलेलं जे असेल ते जसंच्या तसं. कव्हरवर वडिलांनी नाव-तारीख लिहिली असेल तर खोडायचा प्रयत्न करू नका. घेणारा म्हणेल त्याने भाव पडतो, पडू दे. प्रत्येक कव्हरच्या आत हात घालून बघा, लोक आत कात्रणं, तिकिटं, पत्रं ठेवतात. यादी झाली की मला पाठवा, कुठल्या वेगळ्या विकायच्या आणि कुठल्या लॉटने दिल्या तरी चालतील ते मी सांगतो, त्याचे काही पैसे वगैरे नाहीत.

आणि हे करताना प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू उजेडात धरून बघा. खूप वाजलेल्या बाजूची काळी चमक गेलेली असते, ती जरा राखाडी दिसते, मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेषा असतात, अंधारात किंवा घाईत रेकॉर्ड बसवताना पडलेल्या. अशा ज्या तीन-चार बाजू सापडतील त्या विकायच्या यादीत घालू नका. कुणाकडून तरी टर्नटेबल दोन दिवस मागून आणा, त्या बाजू लावा आणि आईंना स्वयंपाकघरातून ओळखू येतात का विचारा.